मोंतोने: पाडलेल्या किल्ल्याचे गाव कसे पाहावे

मोंतोने पाहायला निघालेल्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, ती ही की ज्या किल्ल्यामुळे या गावाचे नाव इटलीच्या इतिहासात आले, तो किल्ला आज तेथे नाही. 1478 साली पोप सिक्स्टस चौथा याच्या आज्ञेने तो जमीनदोस्त करण्यात आला आणि आता त्याच्या जागी भग्न भिंतींपलीकडे फारसे काही उरलेले नाही. उंच बुरूज, पूल, खंदक आणि आत शिरताच अंगावर येणारे शस्त्रागार अशा अपेक्षेने येणाऱ्याची येथे निराशाच होईल, आणि त्याने सरळ दुसऱ्या एखाद्या गावी जावे हे बरे. परंतु एखादी छोटी मध्ययुगीन सत्ता कशी उभी राहते, कोणाच्या पैशावर वाढते आणि कशी संपते, हे पायी चालत समजून घ्यायचे असेल, तर उंब्रियातील कितीतरी अधिक देखण्या गावांपेक्षा मोंतोने जास्त बोलके आहे. त्यासाठी ते योग्य क्रमाने पाहणे मात्र आवश्यक आहे.

मोंतोने मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात, पेरुजा शहराच्या उत्तरेस सुमारे 40 किलोमीटरवर, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. गाव 482 मीटर उंचीच्या टेकडीवर वसलेले असून एका बाजूस टायबरचे रुंद, सुपीक खोरे आणि दुसऱ्या बाजूस कार्पिना या तिच्या उपनदीचे अरुंद, रानाने भरलेले खोरे दिसते. तटबंदीच्या आतला भाग इतका लहान आहे की न थांबता चालल्यास या वेशीतून त्या वेशीत जायला काही मिनिटेच लागतात. येथेच बहुतेक प्रवाशांची चूक होते: ते पाऊण तासात गाव 'उरकून' दुपारच्या आत पुढच्या ठिकाणी निघून जातात. मोंतोनेसाठी एक पूर्ण दिवस ठेवावा आणि त्या दिवसात दुसरे काहीही घालू नये.

स्वतःचे वाहन असल्यास पेरुजाकडून उत्तरेकडे जाणारा ई-45 हा मार्ग धरावा. रेल्वेने यायचे असल्यास पेरुजाहून टायबरच्या खोऱ्यातून जाणाऱ्या छोट्या स्थानिक मार्गावरच्या उंबेर्तिदे स्थानकावर उतरावे लागते. तेथून मोंतोने सुमारे दहा किलोमीटर आहे. पुढच्या बसगाड्या मोजक्याच असतात, रविवारी तर त्यांचा भरवसा धरूच नये, म्हणून परतीच्या गाडीची वेळ जातानाच पाहून ठेवावी किंवा टॅक्सी ठरवून टाकावी. वाहन असो वा नसो, मोंतोनेच्या आधी उंबेर्तिदेत अर्धा तास थांबण्याचा माझा आग्रह राहील, कारण या गोष्टीचा आरंभ मोंतोनेत होत नाही. तो उंबेर्तिदेच्या तुरुंगात होतो.

उंबेर्तिदेचे नाव 1863 पर्यंत फ्रात्ता असे होते. गावाच्या मध्यभागी चौकोनी उंच बुरूज असलेला एक छोटा किल्ला आहे, ज्याला तेथे रोक्का म्हणतात आणि ज्यात हल्ली आधुनिक कलेची प्रदर्शने भरतात. 1393 साली पेरुजात सरदार घराणी आणि नगरातील लोकपक्ष यांच्यातला जुना संघर्ष पुन्हा पेटला, बियोर्दो मिकेलोत्ती याच्या नेतृत्वाखाली लोकपक्षाची सरशी झाली आणि सरदार घराण्यांना परागंदा व्हावे लागले. त्याच धामधुमीत मोंतोनेच्या फोर्तेब्राच्ची घराण्यातला एक पंचविशीतला तरुण, ब्राच्चो, पकडला जाऊन या बुरुजात कैद झाला. सुटकेसाठी त्याला जी किंमत मोजावी लागली, ती होती मोंतोने. आपले गाव शत्रूच्या हवाली करून तो बाहेर पडला. बुरुजाखाली उभे राहून उत्तरेकडे पाहावे आणि ही गोष्ट मनात ठेवून पुढचा रस्ता धरावा. मग गावातील प्रत्येक दगडाला संदर्भ मिळत जातो.

नावाविषयी येथेच सांगून टाकतो. 'फोर्ते' म्हणजे बळकट आणि 'ब्राच्चो' म्हणजे बाहू. मराठीत या आडनावाचे भाषांतर करावेच लागत नाही, कारण 'भुजबळ' हे आडनाव आपल्याकडे आहेच. 'मोंतोने' या इटालियन शब्दाचा दुसरा अर्थ मेंढा असा आहे आणि फोर्तेब्राच्ची घराण्याच्या ढालीवरही उसळी घेणारा काळा मेंढा आहे. गावात फिरताना कोरीव दगडांवर आणि उत्सवाच्या निशाणांवर हा मेंढा शोधत जावे. मुलांना सोबत नेले असेल तर त्यांना हे काम द्यावे. त्यांचे पाय दुखणे बरेच कमी होते.

गावाच्या पायथ्याशी आल्यावर लगेच वर चढू नये. तटाबाहेर सॅन ग्रेगोरिओ हे अकराव्या शतकातील रोमनेस्क पद्धतीचे चर्च आहे, ते आधी बाहेरून पाहावे. अशा चर्चला 'पिएव्हे' म्हणतात; आसपासच्या विखुरलेल्या वाड्यावस्त्यांचा बाप्तिस्मा जेथे होत असे, ते हे ठिकाण. पिएव्हे तटाबाहेर उघड्यावर असणे हीच पाहण्याची बाब आहे. ज्या काळात ती बांधली गेली, त्या काळात लोक शेतांजवळ विखरून राहत होते. पुढे भीतीने आणि जमीनदारांच्या सोयीने ते टेकडीवर, भिंतींच्या आत एकत्र आले. इतिहासकार या प्रक्रियेला 'इन्कास्तेल्लामेंतो' म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचे तर माणसे कोटाच्या आत वसवली जाणे. इटलीच्या डोंगरमाथ्यांवर आज जी चित्रासारखी गावे दिसतात, त्यांतील बहुतेकांचा जन्म असा झाला. मोंतोनेही प्रारंभी देल कोल्ले या सरंजामी घराण्याकडे होते आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीस ते पेरुजाच्या वर्चस्वाखाली आले. या पिएव्हेतून वरच्या गावात गेलेली एक फार मोलाची वस्तू पुढे भेटणार आहे.

आता वेस. मोंतोनेला तीन वेशी आहेत आणि त्यांची नावे आत शिरण्यापूर्वी समजून घ्यावीत. पोर्ता देल बोर्गो म्हणजे पेठेची वेस, पोर्ता देल मोंते म्हणजे डोंगराची वेस आणि पोर्ता देल व्हेर्त्सिएरे म्हणजे मळ्याची वेस. तीन नावांत गावाचे सारे अर्थकारण आले: व्यापारी आणि कारागीर ज्या बाजूस राहत ती बाजू, गुरे आणि सरपण जिकडून येत ती बाजू, आणि भाजीपाला जेथे पिकत असे ती बाजू. गावाचे तीन भाग, ज्यांना 'रिओने' म्हणतात, आजही याच नावांनी ओळखले जातात, आणि आपण कोणत्या रिओनेचे हे तेथल्या माणसाला विचारल्यास त्याला फार बरे वाटते. पेठेच्या वेशीतून वर चढून मळ्याच्या वेशीतून उतरावे, म्हणजे एकच रस्ता दोनदा होत नाही.

वेशीखालून जाताना घाई करू नये. दारे अडकवण्याचे लोखंडी कोयंडे, अडसराची खाच, कमानीच्या दगडांचा बदललेला रंग या खुणा पाहाव्यात. आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्यांची नजर येथे आपोआपच तयार असते. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. येथील तट हाच पुढे घरांची मागची भिंत होत गेला. शांततेच्या काळात लोकांनी त्यात खिडक्या फोडल्या, गच्च्या काढल्या, कुंड्या टांगल्या. त्यामुळे तट कोठे संपतो आणि घर कोठे सुरू होते हे सहज कळत नाही. भिंतीत ठरावीक अंतराने लहान चौकोनी भोके दिसली, तर त्यांना जंग्या, म्हणजे शत्रूवर मारा करण्याची भोके, समजू नये. ती बांधकामाच्या वेळी परांचीचे वासे खोवण्यासाठी ठेवलेली भोके असतात. जंगी आतल्या बाजूस रुंद आणि बाहेर अरुंद असते, आणि तिच्यामागे माणसाला उभे राहण्यापुरती जागा असते. बुजवलेल्या कमानी, अर्धवट कापलेल्या खिडक्या आणि एका भिंतीत दोन-तीन प्रकारचे दगड दिसले की तेथे थांबून कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे स्वतःच ठरवून पाहावे. मार्गदर्शकाच्या चार वाक्यांपेक्षा या खेळातून अधिक शिकायला मिळते.

चढण संपते ती फोर्तेब्राच्चो चौकात. नगरपालिकेची इमारत, एखादे कॉफीचे दुकान, बाकांवर बसलेली वयस्कर मंडळी. चौक लहान आहे, पण गोष्टीचा मधला आणि सर्वांत रंगतदार भाग येथेच बसून वाचावा किंवा आठवावा. इटलीत कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते आणि बसून घेतली तर पुष्कळदा महाग. येथे मात्र बसावे.

तुरुंगातून सुटलेल्या ब्राच्चोजवळ ना गाव होते ना पैसा. त्याच्याजवळ होते ते घोड्यावर बसण्याचे कौशल्य, आणि त्या काळच्या इटलीत त्याला भाव होता. मिलान, फ्लोरेन्स, व्हेनिस, नेपल्स आणि पोप या सत्तांकडे पैसा होता, पण कायमचे सैन्य नव्हते. ते सेनापतींशी लेखी करार करून फौज भाड्याने घेत. कराराला 'कोन्दोत्ता' म्हणत आणि त्यावरून अशा सेनापतीला 'कोन्दोत्तिएरो' हे नाव पडले. करारात किती 'भाले' आणायचे, किती महिने लढायचे आणि किती पैसे आगाऊ मिळणार हे सारे लिहिलेले असे. एक भाला म्हणजे तीन माणसे: चिलखत घातलेला स्वार, त्याचा शिलेदारी मदतनीस आणि घोड्यांची देखभाल करणारा पोऱ्या. ब्राच्चो अल्बेरिको दा बार्बियानो या नामांकित सेनापतीच्या तुकडीत उमेदवारी करू लागला, आणि तेथेच त्याची गाठ मुत्सिओ आत्तेंदोलो स्फोर्त्सा याच्याशी पडली. दोघे प्रथम जिवलग मित्र आणि नंतर जन्मभराचे प्रतिस्पर्धी झाले. स्फोर्त्साच्या वंशजांनी पुढे मिलानचे राज्य मिळवले; ब्राच्चोच्या वंशजांच्या हाती मोंतोनेसुद्धा राहिले नाही. हा फरक का पडला, याचे अर्धे उत्तर वरच्या किल्ल्याच्या जागी मिळते.

दोघांच्या लढण्याच्या पद्धती इतक्या वेगळ्या होत्या की त्यांच्या नावाने दोन परंपराच तयार झाल्या. स्फोर्त्साचा भर एकवटलेल्या मोठ्या फौजेच्या शिस्तबद्ध हालचालीवर असे. ब्राच्चो मात्र फौजेच्या लहान लहान तुकड्या करी, त्या आळीपाळीने लढाईत पाठवी आणि थकलेल्यांना मागे घेऊन विश्रांती देई. 12 जुलै 1416 रोजी पेरुजाजवळ सान्तेजिदिओ येथे रिमिनीच्या कार्लो मालातेस्ता याच्याशी त्याची गाठ पडली तेव्हा या पद्धतीची खरी परीक्षा झाली. जुलैचे कडक ऊन, अंगावर लोखंडी चिलखते आणि तासन्‌तास चाललेली लढाई. ब्राच्चोने आपल्या सैन्यामागे पाण्याने भरलेली पिंपे तयार ठेवली होती. माणसे आणि घोडी मागे येत, पाणी पीत आणि पुन्हा पुढे जात. तहानेने व्याकूळ झालेले मालातेस्ताचे सैन्य अखेर मोडले, तो स्वतः कैद झाला आणि ब्राच्चो पेरुजाचा धनी बनला. ज्या शहराने त्याला तेवीस वर्षांपूर्वी हाकलले होते, त्याच शहरात तो स्वामी म्हणून शिरला. ज्यांना दिवस जुलैत मिळेल, त्यांनी भर दुपारी या चौकात पाच मिनिटे उन्हात उभे राहून पाहावे. पाण्याच्या पिंपांचे महत्त्व पुस्तकापेक्षा लवकर कळते.

मोंतोने त्याला त्याआधीच परत मिळाले होते. पोपपदावर एकाच वेळी तिघे हक्क सांगत होते, त्यांपैकी जॉन तेविसावा याने 1414 साली ब्राच्चोला मोंतोनेचा काउंट ही पदवी दिली. पुढे 1417 साली तर त्याने रोमच ताब्यात घेतले आणि सुमारे सत्तर दिवस राखले. स्फोर्त्सा चालून आल्यावर मात्र त्याला ते सोडावे लागले. नंतर पोप मार्टिन पाचवा याच्याशी समेट करण्यासाठी तो फ्लोरेन्समध्ये आला, तेव्हा तेथील पोरे रस्त्यातून ब्राच्चोचे पोवाडे आणि पोपची टवाळी गात फिरत होती: ब्राच्चो शूर, आणि पोप मार्टिनची किंमत कवडीचीही नाही. पोप हे विसरला नाही, असे त्या काळच्या लेखकांनी नमूद केले आहे. केवळ लुटारू सरदार म्हणून ब्राच्चोकडे पाहणाऱ्यांनी पेरुजात दोन गोष्टी पाहाव्यात: कॅथेड्रलला लागून असलेली त्याने बांधवलेली कमानींची ओसरी, आणि शहराबाहेर त्रासिमेनो तलावाचे वाढते पाणी काढून देण्यासाठी त्याच्याच काळात खणलेला भुयारी कालवा.

चौकातून किल्ल्याच्या जागेकडे जावे. रोक्का दि ब्राच्चो असे नाव नकाशावर दिसते आणि प्रत्यक्षात दिसतात ते भिंतींचे तुकडे. येथे पाहण्यासारखे काय, असा प्रश्न पडेल. उत्तर असे की येथून काय दिसते ते पाहावे. टायबरच्या खोऱ्यातील रस्ता, उंबेर्तिदेची दिशा, कार्पिनाचे खोरे आणि त्यापलीकडे डोंगर. पेरुजा आणि चित्ता दि कास्तेल्लो या दोन बलाढ्य शहरांच्या मधल्या वाटेवर ही टेकडी आहे, एवढे ध्यानात आले की मोंतोने कोणाला का हवे होते ते निराळे सांगावे लागत नाही.

ब्राच्चोचा शेवटही येथेच आठवावा. मध्य इटलीत स्वतःचे स्वतंत्र राज्य उभारण्याच्या ईर्षेने त्याने दक्षिणेकडील लाक्विला शहराला वेढा घातला. वेढा चालू असतानाच, जानेवारी 1424 मध्ये, त्याच्यावर चालून येणारा स्फोर्त्सा पेस्कारा नदी ओलांडताना बुडून मेला. जुना वैरी निसर्गानेच दूर केला, असे ब्राच्चोला वाटले असेल. पण 2 जूनला लाक्विलाजवळच्या लढाईत तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला. त्यानंतर त्याने अन्न घेतले नाही, तोंडातून शब्दही काढला नाही, आणि तिसऱ्या दिवशी, 5 जूनला, तो मरण पावला. पोपने बहिष्कृत केलेला असल्यामुळे त्याला रोमबाहेर अपवित्र जमिनीत पुरण्यात आले. काही वर्षांनी त्याचा भाचा निकोलो याने त्याच्या अस्थी पेरुजाला आणल्या. त्याने जोडलेले राज्य त्याच्याबरोबरच संपले, कारण ते करारांवर, धाकावर आणि एका माणसाच्या कर्तबगारीवर उभे होते. वारस कार्लो तेव्हा अवघा तीन वर्षांचा होता.

कार्लोने व्हेनिसची चाकरी धरली आणि तो नावारूपाला आला. ज्या मालातेस्ता घराण्याला बापाने रणांगणावर धूळ चारली होती, त्याच घराण्यातील मार्गेरिता ही त्याची पत्नी; मध्ययुगीन वैरे कशी मिटत आणि पुन्हा कशी उगवत याचा हा नमुना आहे. परंतु पोपच्या ताब्यात गेलेले पेरुजा परत मिळवण्याचा मोह त्याला सुटला नाही. 1477 साली त्याने तसा प्रयत्न केला, पोपच्या सैन्याने मोंतोनेला वेढा घातला, गाव शरण गेले आणि पुढच्याच वर्षी किल्ला पाडण्याची आज्ञा आली. 1479 साली कार्लो मरण पावला. किल्ला गेला, पण वेशी आणि चर्च उभी राहिली, ही बाब मला फार अर्थपूर्ण वाटते: शिक्षा गावाला नव्हती, एका घराण्याला होती.

यानंतर सॅन फ्रान्चेस्कोचे चर्च आणि त्याला लागून असलेले नगरपालिकेचे संग्रहालय पाहावे. संग्रहालयाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, हिवाळ्यात तर ते आठवड्यातील मोजकेच दिवस उघडे असते आणि दुपारी जेवणाच्या वेळी बंद राहते. म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून घ्यावी आणि गरज पडल्यास चौक व किल्ला नंतर ठेवून हे आधी उरकावे. क्रम मोडावा लागला तर तो फक्त यासाठीच.

चर्च चौदाव्या शतकातील आहे: फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या साधेपणाने राहणाऱ्या भिक्षूंच्या, परंपरेला शोभणारे एकच लांब दालन, साध्या भिंती आणि त्यांवर भित्तिचित्रे. येथे तीन वस्तूंसमोर थांबावे. पहिली, पिएव्हेतून आलेला तेराव्या शतकातील लाकडी शिल्पसमूह, ज्यात येशूला क्रुसावरून खाली उतरवण्याचा प्रसंग आहे. हे शिल्प दगडी देवमूर्तीसारखे एका जागी स्थिर राहण्यासाठी घडवलेले नव्हते. पवित्र आठवड्यातील विधींत अशा मूर्तींचा प्रत्यक्ष वापर होत असे. दुसरी, पेरुजाचा चित्रकार बार्तोलोमेओ कापोराली याने 1482 साली रंगवलेला 'गोन्फालोने', म्हणजे मिरवणुकीत पुढे धरण्याचे कापडी निशाण. उंब्रियातील गावे प्लेगसारख्या संकटात अशी निशाणे काढून येशूची आई मारिया हिचा आश्रय मागत. साल पुन्हा वाचावे: किल्ला पाडल्यावर अवघ्या चार वर्षांनी हे निशाण तयार झाले. ज्या गावाचा तट आता त्याला वाचवू शकत नव्हता, त्याने कापडावर संरक्षण रंगवून घेतले, असा अर्थ मी लावतो. तो कोणाला ओढूनताणून आणलेला वाटला तर माझी हरकत नाही.

तिसरी वस्तू तेथे नाही. लुका सिन्योरेल्ली याने 1515 साली या चर्चमधील संत क्रिस्तिना हिच्या वेदीसाठी मारिया, बालयेशू आणि संत यांचे एक मोठे चित्र केले. ते त्याने गावात राहणाऱ्या एका फ्रेंच वैद्याला, त्याने केलेल्या आणि पुढे करावयाच्या उपचारांच्या बदल्यात दिले होते. औषधोपचाराचे देणे वेदीवरच्या चित्राने फेडले जाणे ही त्या काळच्या व्यवहाराची एक लोभस बाजू आहे. ते चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. किल्ल्याच्या जागी उभे राहिलो तसेच येथेही मोकळ्या जागेसमोर क्षणभर उभे राहावे.

गेलेल्या वस्तूंच्या या यादीत एक आलेली वस्तू आहे. 1473 साली व्हेनिसने कार्लोला त्याच्या सेवेबद्दल एक काटा भेट दिला, जो येशूच्या काटेरी मुकुटातला आहे अशी श्रद्धा होती. असा पवित्र अवशेष त्या काळी जहागिरीइतकाच मोलाचा असे: त्यामुळे यात्रा भरे, गावाचे नाव होई आणि धन्याच्या सत्तेला देवाची मान्यता असल्याचा भास निर्माण होई. पाच वर्षांत किल्ला गेला, सहा वर्षांत धनी गेला. काटा मात्र गावाने आजतागायत जपला आहे. ईस्टरनंतरच्या सोमवारी त्याचे दर्शन घडवले जाते. ऑगस्टमध्ये या भेटीच्या स्मरणार्थ आठवडाभर उत्सव चालतो, ज्यात तिन्ही रिओने एकमेकांशी तिरंदाजीसारख्या स्पर्धा करतात, रात्री गल्ल्यांतून मध्ययुगीन जीवनाचे जिवंत देखावे उभे राहतात आणि कार्लो काटा घेऊन गावात परततो तो प्रसंग सादर होतो. उत्सवात गर्दी, गोंगाट आणि निवासाची चणचण असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने मे किंवा सप्टेंबर निवडावा, दुसऱ्यांदा जाणाऱ्याने ऑगस्ट.

मराठी वाचकासाठी मोंतोनेत आणखी एक जागा आहे, आणि तिची वेळ सांभाळावी लागते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेत सुमारे 50,000 भारतीय सैनिक लढले. त्यांपैकी 5,782 जण तेथेच कामी आले. 1944 च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा टायबरच्या वरच्या खोऱ्यातून मागे हटत होत्या, आणि ब्राच्चोच्या काळात महत्त्वाच्या असलेल्या याच टेकड्या पुन्हा एकदा महत्त्वाच्या ठरल्या. 10 जुलै रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज सारे जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले, हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, मग गोळीने आणि बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांना लोळवले, आणि लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते स्वतः पडले. माणगाव तालुक्यातील या बावीस वर्षांच्या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांचे थडगे नाही; नाव कास्सिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे.

जुलै 2023 मध्ये मोंतोनेने त्यांचे स्मारक उभारले, आणि ते सूर्यघड्याळाच्या रूपात. त्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो असा आहे. सूर्यघड्याळ ढगाळ हवेत किंवा दिवस कलल्यावर पाहण्यात अर्थ नाही. सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात, काट्याची सावली स्पष्ट पडत असताना तेथे असावे आणि दिवसाचा बाकीचा क्रम त्याभोवती बसवावा. जागा सापडली नाही तर नगरपालिकेत विचारावे. फुले न्यायची असल्यास ती उंबेर्तिदेतूनच घ्यावीत, कारण मोंतोनेसारख्या छोट्या गावात ती मिळतीलच असे नाही.

दुपारचे जेवण साडेबारा ते दोनच्या दरम्यान उरकावे. नंतर स्वयंपाकघरे बंद होतात. शाकाहारी माणसाला डाळींचे सूप, ऑलिव्ह तेल लावलेला भाजलेला पाव आणि अळंब्यांचा पास्ता हे बहुधा मिळते, पण सूप मांसाच्या रसात केलेले नाही ना, हे विचारून घ्यावे. वाहन असेल तर संध्याकाळी कार्पिनाच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा रोक्का दारिएस हा दुरुस्त केलेला किल्ला पाहून यावा. मोंतोनेचा किल्ला उभा असता तर डोंगराच्या कडेला तो कसा दिसला असता, याची कल्पना तेथे येते. वाहन नसेल तर मळ्याच्या वेशीतून हळूहळू उतरावे आणि वेशीबाहेर अजून कोणी भाजी लावतो का ते पाहावे.

परतीच्या प्रवासात ज्यांचा लंडनला मुक्काम असेल, त्यांनी नॅशनल गॅलरीत सिन्योरेल्लीचे ते चित्र आवर्जून शोधावे. तेथील कायमचा संग्रह विनामूल्य पाहता येतो. आजूबाजूला अधिक नामांकित चित्रे असल्यामुळे बहुतेक लोक त्याच्यासमोरून न थांबता पुढे जातात. मोंतोनेच्या चर्चमधली मोकळी जागा पाहून आलेला माणूस मात्र तेथे बराच वेळ उभा राहतो.